चकमकीची ठासणी, आठ महिने वापरून

खानापूर भागात ठासणीच्या, म्हणजे तोंडातून दारू-गोळी ठासून भरायच्या, बंदुका अजून बऱ्याच घरात आहेत, पीक राखायला म्हणून लायसनवाल्या, पण बहुतेक केपवाल्या, म्हणजे टिकलीसारख्या केपनं पेटणाऱ्या. आमची आजोबांच्या वेळची, चकमकीची, गारगोटीच्या ठिणगीनं पेटणारी. लायसन माझ्या नावावर झालं आणि आठ महिने झाले मी हिला वापरायलोय, म्हणून लिहितो, कारण चार जण विचारायलेत की ह्या जुन्या धुडानं नेम लागतो काय.

लागतो की. पण पहिले दोन महिने काहीच लागलं नाही. चाळीस पावलांवर कुंद्याच्या डब्याचं झाकण लावायचो आणि गोळी मागच्या मातीच्या बांधात कुठंतरी. मी बंदुकीलाच नावं ठेवायचो. एकदा मामांनी बंदूक भरून दिल्यासारखी करून हातात दिली, आत दारू नव्हती आणि रंजक, म्हणजे बाहेर घालायची पेटवणीची दारू, तीही नव्हती, मला पत्ताच नाही. चाप ओढला, घोडा पडला, आणि नळी वीतभर खाली गेली. मामा म्हणाले, "बघ, आवाज नाही, जाळ नाही, तरी दचकलास."

सगळं दुखणं हेच. चाप ओढला की घोड्यात अडकवलेली गार, म्हणजे गारगोटी, पोलादी पट्टीवर घासते, ठिणगी पडते, रंजक पेटते, मग कानातून, म्हणजे नळीच्या बाजूच्या बारीक भोकातून, जाळ आत जातो, मग गोळी. ह्या सगळ्याला वेळ लागतो आणि तोंडासमोर भडका उडतो, डोळा मिटला की नेम गेलाच. मी महिनाभर गारेच्या जागी लाकडाचा तुकडा अडकवून, रिकाम्या नळीनं, रोज वीस वेळा चाप ओढला, घोडा पडल्यावरही माशी, म्हणजे नळीच्या टोकावरची नेमाची खूण, जिथल्या तिथं धरून. घरातली हसायची.

दुसरं रंजक. मी ढीग घालायचो. कान झाकला गेला की जाळ थेट आत जात नाही, रंजक वातीसारखी जळत जाते आणि फुस्स करून उशीर होतो. आता थोडीच घालतो, कानाच्या खाली राहील एवढी. गारही धारेची लागते. साधी पांढरी गारगोटी चुरा होते, अकीक बरा टिकतो.

गोळीभोवतीची चिंधी मी जुन्या धोतराची घ्यायचो. उडालेल्या चिंध्या उचलून बघितल्या तर जळून चाळण झालेल्या. मग गादीचं घट्ट विणीचं कापड मेण-तेल लावून घेतलं आणि गोळ्यांचा परातीएवढा पसारा भाकरीएवढा झाला. आमची नळी गुळगुळीत आहे, आत आटे, म्हणजे गोळीला फिरकी देणाऱ्या खाचा, नाहीत, त्यामुळं ह्याहून जास्त मागणं चूक आहे, आटेवाली असती तर गोष्ट वेगळी. दारूचं माप सांगत नाही, प्रत्येक नळीचं वेगळं असतंय, दुसऱ्याचं माप घालून कोण जखमी व्हायला नको.

वैताग सांगायचा तर एका कारागिरानं, लवकर पेटंल म्हणून, कान मोठा करून दिला. पेटायची लवकर, पण जाळ बाहेरच जास्त, गोळी कधी वर कधी खाली. शेवटी दुसऱ्याकडून कानात बारीक भोकाचं बूच बसवून घेतलं. आणि घोडा पडून बार उडाला नाही तर निदान मिनिटभर तोंड बांधाकडंच धरून उभं राहायचं, वाकून बघायचं नाही.

पावसात मात्र नाद सोडा. जळक्या दारूची काजळी ओल ओढून घेते, दोन बारांत गोळी ठासायचा गज आत जात नाही. दर बाराला ओली चिंधी फिरवायची आणि घरी आल्यावर गरम पाण्यानं धुवायची. इलेक्शनला ठाण्यात जमा करताना तेल लावूनच द्या, मी एकदा विसरलो, अजून घासायलोय.