एक्सपीच्या मशीनला लावलेली २ टीबीची हार्ड डिस्क: आठ महिन्यांनंतर

आमच्या डीटीपीच्या दुकानात एक मशीन अजून विंडोज एक्सपीवर चालतं. हसू नका. वीस वर्षांच्या लग्नपत्रिका, स्मरणिका, पतसंस्थांचे अहवाल, सगळं पेजमेकर ७ मध्ये लावलेलं आहे. फॉन्ट युनिकोडच्या आधीचे आणि त्यांचं डोंगल (फॉन्ट चालायला मशीनला खोचावी लागणारी किल्ली) नव्या विंडोजवर चालत नाही. फाइल दुसरीकडे उघडली की 'श्री गणेशाय नमः'च्या जागी इंग्रजी अक्षरांचा चिवडा. एक्सपीचा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने ८ एप्रिल २०१४ ला बंद केला, त्यामुळे या मशीनला इंटरनेट लावतच नाही.

बॅकअपसाठी २ टीबीची पोर्टेबल हार्ड डिस्क घेतली. मशीनला लावली, दिवा लागला, खाली कोपऱ्यात हिरवा बाणही आला, पण माय कॉम्प्युटरमध्ये ड्राइव्हच नाही. दुकानदाराला फोन केला तर म्हणे, 'फॉर्मॅट मारा.' भाच्याने त्याच्या लॅपटॉपवर एनटीएफएस या विंडोजच्या फाइल सिस्टिममध्ये (डिस्कवर फाइली मांडायची पद्धत) फॉर्मॅट करून दिली. "मामा, आता चालेल." नाही चालली.

डिस्क मॅनेजमेंट उघडल्यावर उलगडा झाला. डिस्कवर लिहिलेलं होतं 'जीपीटी प्रोटेक्टिव्ह पार्टिशन'. घर पाडून नवं बांधलं तरी सातबारा जुनाच राहतो, तसं हे. फॉर्मॅटने फाइल सिस्टिम बदलते, डिस्कवरचं पार्टिशन टेबल, म्हणजे डिस्कचे भाग कुठून कुठे याची नोंद, बदलत नाही. जीपीटी हा या नोंदीचा नवा प्रकार. ३२ बिटच्या एक्सपीला तो वाचताच येत नाही, तिला जुना प्रकार, एमबीआरच लागतं. दुकानदार असो की भाचा, हे कुणीच सांगत नाही.

मग लॅपटॉपवर डिस्कपार्ट, म्हणजे कमांड टाइप करून डिस्कचे भाग पाडायचं विंडोजचं साधन. लिस्ट डिस्क, सिलेक्ट डिस्क, क्लीन, कन्व्हर्ट एमबीआर, क्रिएट पार्टिशन प्रायमरी. पाच ओळींचं काम, पण छातीत धडधड. क्लीन ही कमांड 'नक्की ना?' असं विचारत नाही. यादीत डिस्क ० समोर ४७६ जीबी आणि डिस्क १ समोर १८६३ जीबी होते. मी घाईत ० दाबून बसलो होतो, भाच्याने हात धरला. डिस्कवरचं सगळं जातं हे गृहीत धरा, बाकीचे पेन ड्राइव्ह आधी काढा आणि आकडा बघूनच पुढे जा.

हे काम एक्सपीवर करू नका. एक्सपी पहिलं पार्टिशन ६३व्या सेक्टरपासून (सेक्टर म्हणजे डिस्कवरचा छोटा कप्पा) सुरू करते. आजच्या बहुतेक डिस्कचे आतले सेक्टर ४ केबीचे असतात, तिथे ते तिरकं बसतं आणि लिहिण्याचा वेग पडतो. नवी विंडोज १ एमबी सोडून सुरुवात करते. एक्सपी तेच पार्टिशन विनातक्रार वापरते.

एक्सफॅट ही दुसरी फाइल सिस्टिम का नको? एक्सपीत त्यासाठी वेगळं अपडेट घालावं लागतं आणि एक्सफॅटमध्ये जर्नल, म्हणजे मध्येच वीज गेली तर सावरायला लागणारी बदलांची नोंदवही, नसतं. आमच्याकडे वीज कधी जाईल ते महावितरणच जाणे. फॅट३२ मध्ये ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही, म्हणजे स्कॅन केलेल्या जुन्या अंकांची झिप गेली. राहिलं एनटीएफएस. फॉर्मॅट मी क्विक न करता पूर्ण केला. रात्रभर चालला, पण कुठे खराब सेक्टर निघाला नाही याची खात्री झाली.

आता आठ महिन्यांचं. वेग यूएसबी २ चाच, सेकंदाला ३० एमबीच्या आसपास. पहिली १८० जीबीची कॉपी तीन तास खाऊन गेली, कारण छोट्या फाइलींचा बुजबुजाट. आता रोज संध्याकाळी एक्सकॉपी या कॉपी करणाऱ्या कमांडची बॅच फाइल (एका क्लिकवर कमांड चालवणारी फाइल) चालवतो. स्लॅश डी लावल्यामुळे बदललेल्याच फाइली जातात, पाच मिनिटांत शटर ओढता येतं. तिचा एक फायदा नंतर लक्षात आला. इकडे चुकून उडवलेली फाइल ती तिकडे उडवत नाही. जूनमध्ये एका शाळेची स्मरणिका अशीच परत मिळाली.

गाऱ्हाणी दोन-तीन. पुढच्या पोर्टला लावली की डिस्क टक-टक करते, करंट पुरत नाही. मागच्या पोर्टला, आखूड केबलने लावा. लावलेली ठेवून मशीन चालू केलं तर काळ्या पडद्यावर नुसता डॅश लुकलुकत बसतो, म्हणून विंडोज आल्यावरच जोडतो. लॅपटॉपवर मराठीत नाव दिलेले फोल्डर एक्सपीत चौकोन होऊन दिसायचे. रीजनल सेटिंगमध्ये कॉम्प्लेक्स स्क्रिप्टचा पर्याय टाकल्यावर नीट वाचता आले, मात्र त्यासाठी एक्सपीची सीडी शोधावी लागली. ती सापडली पावती पुस्तकांच्या कपाटात.

वीज दोनदा ऐन कॉपीच्या मध्ये गेली. दोन्ही वेळा हातात होती ती फाइल अर्धवट राहिली, बाकी सगळं जागच्या जागी.

दिवाळीच्या ऑफरमध्ये ४ टीबी स्वस्त दिसत होती. घेतली नाही. ५१२ बाइटच्या सेक्टरवर एमबीआरची मजल २.२ टीबीपर्यंतच, त्यापुढची जागा एक्सपीच्या काही कामाची नाही. तेवढ्याच पैशांत आणखी एक २ टीबी घेतली आणि तीही अशीच करून घरी ठेवली. या खेपेला आकडा भाच्याने नाही, मी वाचला. मोठ्याने, दोनदा.