स्टर्जन माशांच्या सहा मॉडेलचा सेट: बेलुगा सोडला तर पैसे वसूल

बीएस्सी झूलॉजीच्या प्रॅक्टिकलला स्पॉटर, म्हणजे बघून ओळखायचा नमुना, म्हणून ॲसिपेन्सर (स्टर्जन मासा) ठेवतो आम्ही, पण बरणीतला जो आहे तो फॉर्मलिनमध्ये राहून राहून इतका पिवळा न वाकडा झालाय की पोरांना अंगावरच्या हाडाच्या ढाली मोजा म्हणलं तरी मोजता येत नाहीत. आणि सोलापुरातल्या पोरांनी मासा बघितलाय तो उजनीचा, चिलापी, कटला, रोहू, मरळ, त्यांना स्टर्जन नुसत्या आकृतीवरून कसा कळणार? म्हणून नवी पेठेत लॅबचं सामान मिळतं त्या एका दुकानातनं हा सेट मागवला, १,८५० रुपये पडले, यायला बारा दिवस लागले. सहा मासे आहेत, प्रत्येक साधारण वीतभर: बेलुगा, रशियन, स्टेलेट, स्टर्लेट, शिप आणि शोव्हलनोज.

आधी चांगलं सांगतो. ढालींच्या पाच रांगा सगळ्या मॉडेलवर बरोबर आहेत, पाठीवर एक, दोन्ही कुशीला एकेक आणि पोटाच्या दोन्ही कडांना एकेक. बोट फिरवलं की ढालीचं टोक लागतं हाताला, हे आकृतीत कधीच मिळत नाही. शेपटीचा वरचा भाग लांब, खालचा आखूड, हेही सगळ्यांना नीट केलंय.

सगळ्यात भारी स्टर्लेट. कुशीच्या ढाली मोजल्या मी, ५८ भरल्या. खऱ्या स्टर्लेटला पन्नासच्या वरच असतात, बारीक बारीक आणि एकमेकीला चिकटून, आणि ओळखायची खूण हीच. मिशांना, म्हणजे थूथनाखाली लोंबणाऱ्या दोऱ्यांना, झालरसुद्धा दिलीय. त्याच्या शेजारी स्टेलेट ठेवला की फरक लगेच दिसतो, थूथन लांब, अरुंद, तलवारीसारखं, डोक्याच्या निम्म्याहून जास्त लांबी त्या थूथनाचीच, आणि कुशीच्या ढाली कमी, मॉडेलवर ३३ आहेत. ढालींच्या रांगांमधल्या कातडीवर चांदण्यांसारख्या बारीक हाडाच्या चकत्या असतात म्हणून तर त्याचं शास्त्रीय नाव स्टेलॅटस, आणि त्या चकत्या पण उठवल्यात, भिंगातनं बघा. ज्यानं हे केलं त्याला मासा माहितीय.

रशियनचं थूथन आखूड, बोथट, आणि मिशा तोंडापेक्षा थूथनाच्या टोकाकडं जवळ, बरोबर आहे. शिप वरनं बघितला तर रशियनसारखाच वाटतो, उलटा करून बघायचा: शिपचा खालचा ओठ सलग असतो, रशियनचा मधे तुटलेला. मॉडेलवर ओठ आहे सलग पण रंग इतका जाड मारलाय की नखानं चाचपूनच कळतं. शोव्हलनोज मात्र बघताक्षणी ओळखू येतो, चपटं फावड्यासारखं थूथन आणि शेपटीकडचा बारीक भाग पूर्ण हाडाच्या तुकड्यांनी मढवलेला. शेपटीच्या वरच्या टोकाचा दोऱ्यासारखा भाग मात्र वाटेतच तुटून आला, पॅकिंग सुधारायला पाहिजे.

आता बेलुगा. इथं माझा खरंच हिरमोड झाला. बेलुगाचं तोंड मोठं, चंद्रकोरीसारखं असतं, डोक्याच्या जवळजवळ दोन्ही कडांना भिडतं, कारण तो मोठा झाला की बहुतेक मासेच खातो. मिशा पण चपट्या असतात आणि दोन्हीकडच्या कल्ल्यांचे पडदे गळ्याखाली एकमेकांना जोडलेले. या मॉडेलला दिलंय बारीक आडवं तोंड, गोल मिशा आणि न जोडलेले पडदे, म्हणजे रशियनचाच साचा घेऊन करड्या रंगात काढलाय. सगळ्यात मोठा स्टर्जन, तोच चुकवला! आणि सहाही एकाच मापाचे, स्केलचा कागद कुठंच नाही. स्टर्लेट शक्यतो मीटरभराच्या आतलाच मासा आणि बेलुगा कित्येक मीटरचा, पोरांना दोन्ही सारखेच वाटायला लागतात.

पहिल्याच दिवशी एका पोरीनं विचारलं, "सर, हा टाकीतल्या सकर फिशसारखाच की ओ?" छान प्रश्न. दोघांचं तोंड खाली, दोघांच्या अंगावर हाड. पण सकर हा कॅटफिश, त्याच्या ढाली अंगभर पसरलेल्या असतात, पोट बऱ्याच वेळा मऊ. स्टर्जनच्या मोठ्या ढाली रांगांमधेच, आतला सांगाडा बहुतेक कूर्चेचा आणि पाठीचा दोर म्हणजे नोटोकॉर्ड मोठेपणी पण तसाच राहतो. हे सांगताना सेटमधला स्टर्लेट हातात होता म्हणून मागच्या बाकापर्यंत समजलं.

सध्या स्टर्जनच्या सगळ्या जाती धोक्यात आहेत, आययूसीएन या निसर्ग जपणाऱ्या जागतिक संघटनेच्या २०२२ च्या यादीत सगळेच संकटात दाखवलेत, त्यामुळं खरे नमुने जमवत बसण्यापेक्षा असले मॉडेल कधीही बरे, फक्त बनवणाऱ्यानं मन लावून बनवावेत.

पाचपैकी साडेतीन स्टार. स्टर्लेट, स्टेलेट आणि शोव्हलनोजसाठी घ्या, घेताना खोका उघडून बेलुगाचं तोंड बघा. दुकानदाराला फोटो पाठवलेत, चांगला माणूस आहे, कंपनीला विचारून बदलून देतो म्हणाला. तोवर बेलुगाखाली चिठ्ठी लावलीय, 'या मॉडेलमधे तीन चुका आहेत, शोधा', आणि पोरं तोंड, मिशा, कल्ले बघायला लागलीत. दोन चुका सापडल्या, कल्ल्यांची अजून कुणाला सापडली नाही.