३२ क्लिकचे कॉइलओव्हर आणि ११ मिलिमीटरची तार

स्कोडा ऑक्टाव्हिया आरएस कारखान्यातूनच साध्या ऑक्टाव्हियापेक्षा खाली बसलेली येते आणि तिला मागे मल्टिलिंक सस्पेन्शन (प्रत्येक चाकाला अनेक दांड्यांनी धरणारी रचना) असतं. तरीही ती अजून थोडी बसावी, वळणावर कमी झुकावी, असं बऱ्याच मालकांना वाटतं. त्यात गैर काही नाही. पण या इच्छेवर पोट भरणारे विक्रेते पुणे-मुंबईत आता बरेच झाले आहेत. पुण्यातल्या एका आरएसच्या बाबतीत जे घडलं ते इथे तपशिलासकट लिहितो आहोत. तोच माल आणि तीच उत्तरं पुढच्या गिऱ्हाईकालाही मिळणार आहेत, म्हणून.

सोशल मीडियावरच्या विक्रेत्याने कॉइलओव्हरचा (गाडीची उंची बदलता येणाऱ्या शॉकअप-स्प्रिंगचा) सेट असा सांगून विकला: चारही शॉकअप मोनोट्यूब (एकाच नळीचे, आत जास्त दाबाचा गॅस), डॅम्पिंगला (शॉकअपच्या कडकपणाला) ३२ क्लिक, म्हणजे नॉबचे ३२ टप्पे, पुढची स्प्रिंग ८ किलो प्रति मिलिमीटर, 'तुमच्या गाडीसाठीच बनवलेला', दोन वर्षांची वॉरंटी. किंमत १,१५,०००. त्यातले ७० हजार आधी, यूपीआयने, एका व्यक्तीच्या नावावरच्या खात्यात. सोबत डायनोचा (शॉकअपचा जोर मोजणाऱ्या यंत्राचा) एक आलेख मोबाईलवर पाठवला होता. फिटिंग 'आमच्याच ओळखीच्या' गॅरेजमध्ये करायचं, नाहीतर वॉरंटी नाही, अशी अट.

या वर्णनात फसवणुकीच्या बहुतेक खुणा आधीच आहेत. खातं दुकानाच्या नावावर नाही. जीएसटी क्रमांक असलेलं बिल मागितलं तर 'बिल हवं असेल तर जास्त लागतील' हे उत्तर. आलेखात जोर न्यूटनमध्ये आहे की किलोत, वेग किती, हे लिहिलेलंच नाही आणि शॉकअपचा सिरियल नंबरही नाही. खऱ्या डायनो आलेखात आडव्या अक्षावर वेग असतो, उभ्या अक्षावर जोर, निरनिराळ्या क्लिकसाठी वेगळ्या रेषा, आणि तो कोणत्या नगाचा आहे त्याचा नंबर. या विक्रेत्यांचं एकच चित्र सगळ्यांना जातं.

गाडी लोअर झाली आणि दिसायला झकास दिसली. तीन आठवड्यांत पुढून खडखड सुरू झाली, एका मागच्या शॉकअपला तेलाचा ओलावा आला आणि टायर आतल्या कडेने घासायला लागले. विक्रेता म्हणाला, 'माल नवीन आहे, हजार किलोमीटर चालू द्या, सेट होईल.' या उत्तरापासून सावध राहा. नवीन स्प्रिंग काही मिलिमीटर बसते हे खरं, पण खडखड आणि तेलगळती चालवून बऱ्या होत नाहीत. हा सगळा वेळकाढूपणा असतो, परत घेण्याची मुदत निघून जावी म्हणून. हजार किलोमीटरनंतर विक्रेता म्हणतो 'फिटिंग चुकलंय', गॅरेजवाला म्हणतो 'माल खराब आहे', आणि दोघांच्या मध्ये मालक लटकतो. गॅरेजला त्या सेटमागे कमिशन मिळालेलं असतं, हे कोणी सांगत नाही.

सेट उतरवून मोजला तेव्हा काय निघालं ते आता पाहू. यातलं प्रत्येक मोजमाप बसवण्याआधी, घरात, साध्या साधनांनी घेता आलं असतं.

आधी स्प्रिंग. स्प्रिंगवर छापलेला आकडा म्हणजे नुसती शाई. तारेची जाडी, वेढ्याचा व्यास आणि काम करणाऱ्या वेढ्यांची संख्या या तीन गोष्टींवरून स्प्रिंगची ताकद काढता येते. तारेच्या जाडीचा चौथा घात घ्या, त्याला ७९,००० ने गुणा (स्प्रिंगच्या पोलादासाठी हा आकडा, न्यूटन प्रति चौरस मिलिमीटरमध्ये). आलेल्या संख्येला भागा ८ गुणिले मधल्या व्यासाचा घन गुणिले वेढे. मधला व्यास म्हणजे आतला व्यास अधिक एका तारेची जाडी. वेढे मोजताना वरखाली टेकलेले, एकमेकांना चिकटलेले वेढे सोडायचे. उत्तर न्यूटन प्रति मिलिमीटरमध्ये येतं, त्याला ९.८१ ने भागलं की किलो.

या गाडीच्या पुढच्या स्प्रिंगचा आतला व्यास ६५, काम करणारे वेढे ६. व्हर्नियरने (जाडी मोजायच्या बारीक मापपट्टीने) तार ११.२ दिसली, पण त्यात पावडर कोटिंग धरलेलं होतं. टोकाशी रंग खरवडून मोजली तर ११.० भरली. हिशेब केला की साधारण ५५ न्यूटन, म्हणजे ५.६ किलो प्रति मिलिमीटर. सांगितले होते ८. याच मापात तार १२ मिलिमीटरची असती तर साधारण ७.६ किलो आले असते. एका मिलिमीटरने ताकद पाव भागाहून जास्त घटते, कारण जाडी चौथ्या घातात मोजली जाते. रंग न खरवडता मोजलं तरी उत्तर सहा-सात टक्क्यांनी फुगतं, म्हणून टोकाशी तेवढा नखाएवढा रंग काढायचाच.

५.६ किलोची स्प्रिंग वाईट असते असं मुळीच नाही. पुण्याच्या रस्त्यांवर ८ पेक्षा तीच सोसेल. अडचण अशी की एका पुढच्या चाकावर स्प्रिंगला साधारण ४०० किलो पेलायचे असतील तर ८ ची स्प्रिंग ५० मिलिमीटर दबते आणि ५.६ ची ७१. या २१ मिलिमीटरांचा हिशेब कुणीतरी चुकवायचाच असतो. इथे तो बम्पस्टॉपने चुकवला. गाडी उभी असतानाच शॉकअपचा रॉड बम्पस्टॉपच्या (शेवटचा धक्का अडवणाऱ्या रबराच्या) जवळ आलेला होता, प्रत्येक खड्ड्यात रबर आपटत होतं, आणि भर वळणात खड्डा आला की पुढचं चाक अचानक घट्ट होऊन गाडी बाहेर सरकत होती. वेगात असताना हे धोक्याचं आहे.

मग 'मोनोट्यूब'. शॉकअप उघडून बघायचा प्रयत्न करू नका. आत दाबाखाली गॅस असतो, करवत लावणं जिवावर बेतू शकतं. न उघडताही कळतं. मोनोट्यूबमध्ये गॅसचा दाब साधारण २० बार किंवा जास्त असतो, ट्विनट्यूबमध्ये (नळीत नळी असलेल्या शॉकअपमध्ये) ३ ते ८. हा दाब रॉडला बाहेर ढकलतो. रॉडची जाडी १४ मिलिमीटर असेल तर त्याचं क्षेत्रफळ १.५४ चौरस सेंटिमीटर, आणि २० बारला बाहेर ढकलण्याचा जोर सुमारे ३१ किलो. ५ बारला फक्त ८ किलो. घरातला वजनकाटा घ्या, वर लाकडाचा तुकडा ठेवा, स्प्रिंग नसलेला मागचा शॉकअप रॉड खाली करून त्यावर उभा धरा, अर्धा दाबा आणि स्थिर धरून आकडा वाचा. या सेटचा एक नग ९ वर थांबला, दुसरा ६ वर. दोन्ही ट्विनट्यूब, आणि तेही एकमेकांशी न जुळणारे. ही चाचणी मागच्या शॉकअपवरच करा. पुढच्या स्ट्रटचा (चाकाला धरूनही ठेवणाऱ्या पुढच्या शॉकअपचा) रॉड जाड असतो, तिथे आकडा वेगळा येतो. ट्विनट्यूब हलक्या प्रतीची असते असंही नाही. मोनोट्यूबचे पैसे घेऊन ती गळ्यात मारली, तक्रार एवढीच आहे.

३२ क्लिकचं खरंखोटंही असंच पाहता येतं. रॉड पूर्ण दाबून सोडा आणि गॅसच्या जोरावर तो पूर्ण बाहेर यायला किती सेकंद लागतात ते मोबाईलवर मोजा. एकदा नॉब सर्वांत मऊ, मग मधोमध, मग सर्वांत कडक. तिन्हींत फरक पडला पाहिजे आणि डाव्या-उजव्या नगाचे सेकंद एकसारखे यायला हवेत. इथे पहिल्या पंचवीस-सव्वीस क्लिकपर्यंत काहीच बदलत नव्हतं, सगळा फरक शेवटच्या सहा-सातांत. ही चाचणी फक्त मंद हालचालीची आहे. खड्ड्यातल्या वेगाचं डॅम्पिंग डायनोशिवाय कळत नाही. पण इथेच नापास झालेला नग पुढे पास होणार नाही.

नामांकित कंपन्यांच्या नावाने बनावट माल विकणाऱ्याला पकडायला त्या कंपन्यांचे कॅटलॉगच पुरतात. बिल्स्टाईनच्या बी१४ ला फक्त उंची बदलता येते, डॅम्पिंगचा नॉब नसतो. तो बी१६ ला असतो, १० टप्प्यांचा. केडब्ल्यूच्या व्हेरियंट १ मध्ये फक्त उंची, २ मध्ये उंची आणि रिबाउंड (शॉकअप उलगडतानाचं डॅम्पिंग), ३ मध्ये कॉम्प्रेशनसुद्धा (दबतानाचं). '३२ क्लिकवाला बी१४' असं कुणी म्हणालं की पुढे बोलायची गरज नाही. बी६ आणि बी८ चीही अदलाबदल करतात: बी६ मूळ उंचीसाठी, बी८ लोअरिंग स्प्रिंगसाठी आखूड केलेला. जर्मन सेटसोबत बहुधा टीयूव्हीचा (जर्मन तपासणी संस्थेचा) कागद असतो, त्यात गाडीचे प्रकार आणि पुढच्या-मागच्या ॲक्सलवरचा कमाल भार लिहिलेला असतो. आपल्या गाडीचा प्रकार त्यात नसेल तर बॉक्स कितीही खरा असो, तो आपल्यासाठी नाही.

सर्वांत गंभीर गोष्ट मात्र नकलमध्ये (चाकाचं हब धरणाऱ्या, स्ट्रट ज्यात बसतो त्या धातूच्या भागात) सापडली. फोक्सवॅगन-स्कोडाच्या या पिढीत पुढच्या स्ट्रटचा नकलमध्ये बसणारा भाग काही गाड्यांना ५० मिलिमीटरचा असतो, काहींना ५५ चा. ऑर्डर देण्याआधी जुन्या स्ट्रटवर व्हर्नियर लावून हे माप घ्यावंच लागतं. या गाडीचं ५५ होतं, सेट ५० चा आला. गॅरेजने तो परत न पाठवता अडीच मिलिमीटर जाडीची पाइप उभी चिरून मध्ये बसवली आणि बोल्ट आवळला. अशी पकड टिकत नाही. स्ट्रट कणाकणाने खाली सरकतो, चाकाचा कॅम्बर (आतबाहेरचा झुकाव) बदलतो, ब्रेकचा होज (तेलाची नळी) आणि एबीएसच्या सेन्सरची वायर ताणली जाते. या गाडीत डावा स्ट्रट उजव्यापेक्षा चार मिलिमीटर खाली उतरला होता. खडखडीचं आणि टायर खाण्याचं मूळ हेच. नकलमध्ये पत्रा, पाइप, डबा कापून काही घातलेलं दिसलं तर गाडी चालवत नेऊ नका, टो करून न्या.

फिटिंगच्या वेळी समोर उभं राहून तीन गोष्टी बघा. वरचा नट इम्पॅक्ट गनने फिरवला की रॉड आतल्या आत गरगर फिरतो आणि सील जातं. रॉड ॲलन कीने धरून नट हातपान्याने आवळायचा. बुशचे (सांध्यांतल्या रबराचे) बोल्ट गाडी हवेत लटकत असताना शेवटचे आवळू नयेत, चाकांवर भार आल्यावर आवळायचे, नाहीतर बुश पिळलेलं राहून लवकर फाटतं. कंपनीने एकदाच वापरायचे म्हणून सांगितलेले बोल्ट नवे घ्यायचे. काम संपल्यावर अलाइनमेंटचा आधीचा आणि नंतरचा, दोन्ही छापील रिपोर्ट घ्या. आणि जुने शॉकअप-स्प्रिंग डिकीत टाकून घरी आणा. 'भंगारात देतो' म्हणत गॅरेजने ठेवून घेतलेले आरएसचे मूळ शॉकअप नंतर विकायला निघतात, आणि गाडी पूर्ववत करायची वेळ आली की मालक हात चोळत बसतो.

किती लोअर करायचं, यावर एकच सांगणं. भारतीय रस्ते काँग्रेसच्या निकषानुसार गतिरोधक ३.७ मीटर रुंद आणि १० सेंटिमीटर उंच असावा. आपल्या गल्लीतले तसे नसतात. २५ मिलिमीटरच्या पलीकडे कुणी आग्रह धरला तर तो तुमच्या गाडीचा विचार करत नाही. बदल विमा कंपनीला लेखी कळवा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये मूळ तपशिलात फेरफार करण्यावर बंधन आहे, म्हणून बसवण्याआधी आरटीओतही विचारून घ्या.

पैसे देण्याआधी जीएसटी क्रमांक सरकारी संकेतस्थळावर तपासा. तो १५ अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातला असेल तर २७ ने, गोव्यातला असेल तर ३० ने सुरू होतो. आयात माल म्हणत असेल तर बिल ऑफ एंट्रीची (कस्टम्सकडच्या आयात-नोंदीची) प्रत मागा. स्प्रिंग रेट (स्प्रिंगची ताकद), ट्यूबचा प्रकार आणि स्ट्रटचा व्यास मेसेजमध्ये लिहून घ्या, फोनवर नको. पार्सल उघडताना सलग व्हिडिओ काढा आणि वर सांगितलेली मोजमापं त्याच व्हिडिओत घ्या.

पैसे देऊन माल आलाच नाही तर त्याच तासात १९३० या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यात सरकते. माल आला पण खोटा निघाला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५, आणि तिथे तडजोड झाली नाही तर जिल्हा ग्राहक आयोग. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, त्यामुळे विक्रेता परराज्यातला असला तरी तिथे जावं लागत नाही. मुदत दोन वर्षांची. पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही. तक्रारीत 'गाडी नीट चालत नाही' असं लिहू नका. 'लेखी सांगितलेली ताकद ८ किलो प्रति मिलिमीटर, मोजलेली ५.६, सांगितलेला व्यास ५५, दिलेला ५०' असं लिहा, फोटोत व्हर्नियरचा आकडा स्पष्ट दिसू द्या, आणि दुसऱ्या, विक्रेत्याशी संबंध नसलेल्या गॅरेजचा सही-शिक्क्याचा अहवाल जोडा. उतरवलेला सेट निकाल लागेपर्यंत कुणालाही परत देऊ नका. 'बघून बदलून देतो' म्हणून नेलेला माल परत येत नाही आणि त्याच्याबरोबर पुरावाही जातो.