संशोधनाचे सॉफ्टवेअर कोणाकडे सोपवावे: विद्यार्थी, कंपनी की संस्थेचा स्वतःचा चमू?

पुण्यातील संशोधन संस्थांत आता महासंगणकांची वानवा नाही. पाषाणच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली 'प्रत्यूष' आला, आयसर या विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेत 'परम ब्रह्म' आहे आणि २०२४ मध्ये जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या कामासाठी 'परम रुद्र' दाखल झाला. या यंत्रांवर चालणारा कोड मात्र बहुतेक ठिकाणी पीएचडीचा विद्यार्थीच, आधीच्या विद्यार्थ्याच्या कोडला ठिगळे लावत, लिहितो. ज्या संचालकांना किंवा विभागप्रमुखांना ही घडी बदलायची आहे, त्यांच्यापुढे तीन मार्ग आहेत: आहे तसेच चालू ठेवणे, काम बाहेरच्या कंपनीला देणे किंवा संशोधन-सॉफ्टवेअरसाठी स्वतःचे अभियंते नेमणे.

पहिल्या मार्गाला कागदोपत्री काहीच खर्च येत नाही. विषय विद्यार्थ्याला कळतो, त्यामुळे कल्पना चाचपून पाहण्याचा कोड त्यानेच लिहावा, हे माझे ठाम मत आहे. खरा खर्च तो विद्यार्थी गेल्यावर सुरू होतो. काही वर्षांपूर्वी एका प्रयोगशाळेत, प्रसिद्ध झालेल्या लेखातील एक आलेख नव्या नोंदी घालून पुन्हा काढण्यासाठी मला बोलावले होते. कोड लिहिणारा पोस्टडॉकसाठी, म्हणजे पीएचडीनंतरच्या संशोधनासाठी, परदेशी गेला होता. फोल्डरमध्ये 'फायनल', 'फायनल २' आणि 'सरांना दाखवलेले' अशा तीन फाइल्स होत्या, तिघींची उत्तरे वेगळी येत होती, आणि तिन्हींत त्याच्या स्वतःच्या लॅपटॉपच्या डी ड्राइव्हचा पत्ता होता. सात आठवडे लागले; त्यांतले पाच लेखासाठी कोणती फाइल वापरली होती, हे शोधण्यातच गेले.

चूक अशी उघडी पडली नाही, तर ती अधिक दूर जाते. रसायनशास्त्रात एनएमआरच्या (रेणूंची रचना ओळखण्याच्या एका पद्धतीच्या) गणनेसाठी २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या पायथन स्क्रिप्ट, म्हणजे पायथन या संगणकीय भाषेतील छोटे प्रोग्रॅम, अनेकांनी वापरल्या. संगणक फाइल्सची यादी ठरावीक क्रमानेच देईल, असे त्यांत गृहीत धरले होते. प्रत्यक्षात तो क्रम ऑपरेटिंग सिस्टिमप्रमाणे बदलतो, आणि त्याबरोबर उत्तरही बदलत होते. हे २०१९ साली हवाई विद्यापीठातील संशोधकांच्या लक्षात आले. यादी आधी क्रमवार लावून घेणे हाच त्यावरचा उपाय होता. दुसऱ्या जाणकाराने कोड वाचण्याची सवय असती, तर ही चूक तेव्हाच सापडण्याची शक्यता होती.

कंपनीचा मार्ग थोडक्यात सांगता येतो. उपकरणांचे आरक्षण, नमुन्यांची नोंदणी अशी गरज आधीच पक्की असलेली कामे हिंजवडीतील कंपनीकडे खुशाल द्यावीत. संशोधनात मात्र काय हवे आहे, हे अर्धे काम झाल्यावर कळते. निविदेत ते लिहिता येत नाही आणि पुढच्या प्रत्येक बदलाचे वेगळे पैसे मोजावे लागतात.

तिसऱ्या मार्गाचा अनुभव ब्रिटनमध्ये सर्वाधिक जमा झाला आहे. 'रिसर्च सॉफ्टवेअर इंजिनिअर' हे नाव तेथे २०१२ साली रूढ होऊ लागले आणि त्याच वर्षी युनिव्हर्सिटी कॉलेज लंडनने असा चमू उभा केला. २०१४ च्या तेथील एका सर्वेक्षणात ९२ टक्के संशोधक संशोधनासाठी सॉफ्टवेअर वापरत होते आणि ५६ टक्के ते स्वतः लिहीत होते. लिहिणाऱ्यांपैकी सुमारे पाचव्या हिश्श्याला त्याचे कसलेही प्रशिक्षण नव्हते. अशा चमूंचा खर्च सहसा वाटून घेतला जातो: अभियंत्याचे दिवस प्रकल्पाच्या अनुदानात आधीच मागून घ्यायचे आणि मधल्या रिकाम्या काळाचा भार संस्थेने उचलायचा.

आपल्याकडे हा रिकामा काळच कळीचा आहे. माणूस प्रकल्पाच्या पदावर घेतला, तर प्रकल्प संपताच तो जातो, आणि शिकलेले सगळे बरोबर नेतो. म्हणून निदान दोन पदे संस्थेच्या नियमित निधीतून असावीत आणि पदोन्नती शोधनिबंधांच्या संख्येवर न ठेवता, चालू राहिलेल्या सॉफ्टवेअरवर ठरावी, असे मला वाटते. ज्या संस्थेत गणनेवर चालणारे चार-पाचच गट आहेत, तिने एकटीने हा घाट घालू नये. आयुका आणि एनसीआरए या खगोलशास्त्राच्या संस्था विद्यापीठाच्या एकाच आवारात आहेत, एनसीएल ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा आणि आयसर शेजारी-शेजारी आहेत. इतक्या जवळच्या संस्थांना एक चमू वाटून घेता येईल. कंपन्यांत दहा-बारा वर्षे काढून विज्ञानाकडे वळू पाहणारी माणसे या शहरात मला वारंवार भेटतात. पगाराची बरोबरी करता आली नाही, तरी स्थिर पद आणि लेखात नाव देता येईल.

चमू संगणक केंद्राखाली ठेवू नये, कारण तेथे वर्षभरात तो प्रिंटर आणि पासवर्डच्या तक्रारींत अडकतो. तो संशोधन अधिष्ठात्यांच्या हाताखाली असावा आणि पहिल्या वर्षी तीनच मोठी कामे घ्यावीत. चौथे काम छोटे आहे, पण ते पहिल्याच महिन्यात सुरू करावे: विद्यार्थ्याच्या ना-देय प्रमाणपत्रावर ग्रंथालय आणि वसतिगृहाच्या सह्यांबरोबर या चमूचीही सही हवी, आणि थिसिसमधील आलेख काढणारा कोड संस्थेच्या गिटवर (कोड आणि त्याच्या सगळ्या आवृत्त्या जपणाऱ्या प्रणालीवर) येऊन दुसऱ्या संगणकावर चालल्याशिवाय ती सही होऊ नये.