स्टिकरवर 'शॉर्ट सर्किट प्रोटेक्शन', आत तांब्याची तार

ई-स्कूटरचा मूळ चार्जर वॉरंटी संपल्यावर गेला. सर्व्हिस सेंटरने सांगितलेल्या किमतीच्या निम्म्यात बाजारातल्या एका दुकानात 'सेम टू सेम' मिळाला. स्टिकरवर सगळं होतं: शॉर्ट सर्किट, ओव्हरचार्ज, रिव्हर्स पोलॅरिटी. दुकानदाराने तर समोरच आउटपुटच्या दोन पिना वायरने जोडून दाखवल्या. दिवा मिणमिणला, चार्जर गप्प झाला. "बघा साहेब, प्रोटेक्शन!"

खरी मेख इथेच आहे. चार्जर धडधाकट असताना त्यातली आयसी, म्हणजे कंट्रोल करणारी चिप, जादा करंट बघून मागे सरते, एवढंच यातून दिसतं. आतलाच एखादा पार्ट शॉर्ट झाला तर काय, याचं उत्तर या खेळात नसतं.

एका रात्री जळका वास आला. भिंतीवरचं बटण बंद केलं, तरी स्कूटरकडे जाणारी वायर तापतच राहिली! करंट आता उलटा, बॅटरीकडून चार्जरमध्ये येत होता. जाड फडक्याने धरून पिन ओढली तेव्हा थांबला.

ओळखीच्या टीव्ही मेकॅनिककाकांनी चार्जर उघडला. बोर्डावर 'एफ १' छापलेलं, पण फ्यूजच्या जागी तांब्याच्या तारेचा तुकडा सोल्डर केलेला. व्होल्टेजचा झटका झेलणाऱ्या एमओव्हीच्या जागी नुसती दोन भोकं. करंट एकाच दिशेने जाऊ देणारा आउटपुटचा डायोड शॉर्ट, म्हणून बॅटरीचा करंट उलटा आला. काका म्हणाले, "इनपुटचा फ्यूज असता तरी तो घरच्या लाइनपुरता. बॅटरीच्या बाजूला वेगळा डीसी फ्यूज नाहीतर रिले, म्हणजे आपोआप लाइन तोडणारा स्विच, लागतो. इथे दोन्ही नाहीत." किरकोळ किमतीचे पार्ट, तेही खाल्ले.

२०२२ मध्ये पुण्यासह काही शहरांत ई-स्कूटर पेटल्या, त्यानंतर बॅटरीसाठीचं एआयएस-१५६ मानक कडक झालं. पण सुट्या विकल्या जाणाऱ्या अशा चार्जरला दुकानात कोण विचारतंय?

दुकानदाराचं उत्तर तयारच होतं: "तुमच्याकडे व्होल्टेज वाढलं असणार. आणि उघडलेला माल परत घेत नाही." बिल म्हणून त्याने 'एस्टिमेट' लिहिलेली चिठ्ठी दिली होती, त्यावर ना जीएसटी नंबर, ना चार्जरचा सिरियल नंबर. यूपीआयची पावती, स्टिकरचा आणि त्या तारेचा फोटो जोडून १९१५ या ग्राहक हेल्पलाइनकडे तक्रार केली आहे. असा चार्जर कुणाकडे असेल तर झोपताना लावून ठेवू नका, आणि वास आला तर बटणावर विसंबू नका. स्कूटरकडची पिनही काढा.