एडीआर-टूल्स सहा महिने वापरलं: "पण सर, मोंगो का नाही?" थांबलं का?

सॉफ्टवेअर टीमचे निर्णय कारणांसकट लिहून ठेवायचं हे टूल. फुकट आहे, ओपन सोर्स आहे, माझ्याकडून पाचात चार स्टार.

आधी हे टूल घ्यायची वेळ का आली ते सांगतो. टीममध्ये एक पोरगा आहे, दीड वर्षाचा एक्स्पीरियन्स, कामाला वाघ, पण ठरलेली गोष्ट ठरलेली राहू देईल तर शप्पथ. डेटाबेस पोस्टग्रेस घ्यायचा हे जानेवारीत ठरलं, टेबलं झाली, डेटा भरून झाला, तरी दर सोमवारी स्टँडअपला (टीमच्या छोट्या मीटिंगला) गडी सुरू, "सर, पण मोंगो का नाही?" मोंगो म्हणजे मोंगोडीबी, दुसरा एक डेटाबेस. पंधरा मिनिटांचा स्टँडअप पाऊण तास चालायचा. दोनदा गोडीत सांगितलं, एकदा माझा आवाज चढला, दोन दिवस गप्प बसला आणि तिसऱ्या दिवशी तेच ग्रुपवर टाकलं.

एडीआर म्हणजे आर्किटेक्चर डिसिजन रेकॉर्ड. मायकेल नायगार्डने २०११ मध्ये मांडलेली पद्धत: एका निर्णयाला एक छोटी फाईल, कोडच्याच रेपोमध्ये (कोड जिथे साठवतो तिथे), त्यात तेव्हा परिस्थिती काय होती, काय ठरलं, आणि त्यामुळे पुढे काय सोसावं लागणार. एडीआर-टूल्स म्हणजे याच कामासाठी नॅट प्राइसने लिहिलेल्या शेल स्क्रिप्ट (टर्मिनलवर चालणाऱ्या छोट्या कमांड), फाईलला नंबर-तारीख देतात, जुनी-नवी जोडतात, बस. मॅकवर होमब्रू या इन्स्टॉलरने लगेच बसतं, विंडोजवाल्यांना गिट बॅश वगैरे करावं लागतं. पहिली फाईल आपोआप तयार होते आणि तिच्यातला निर्णय काय, तर आपण निर्णय लिहून ठेवणार आहोत!

आता पोस्टग्रेसची फाईल लिहायला मीच बसलो आणि अडकलो. सगळ्यांना तोंडी सांगत होतो की मोंगोत ट्रान्झॅक्शन (अनेक बदल एकत्र, झाले तर सगळे नाहीतर एकही नाही) नीट नाहीत, आणि पोरगा दर वेळी म्हणायचा की सर २०१८ ला मोंगोच्या ४.० व्हर्जनमध्येच आलीत. बरोबर होतं त्याचं. आमचं खरं कारण वेगळंच होतं, क्लायंटकडचे रिपोर्टवाले स्वतः एसक्यूएल (पोस्टग्रेसला प्रश्न विचारायची भाषा) लिहितात आणि त्यांना दुसरं काही येत नाही, पण हे ज्या कॉलवर ठरलं तेव्हा हा जॉईनच झाला नव्हता. कुणी सांगितलंच नव्हतं त्याला. चार ओळी लिहिल्या, चहाला नेलं, दाखवलं. "हे आधी का नाही सांगितलं?" एवढंच म्हणाला. काय बोलणार.

त्यानंतर नियम केला, ठरलेलं परत काढायचं तर फाईलमधल्या परिस्थितीतली कुठली ओळ बदलली ते दाखव, नुसतं मला वाटतं म्हणून चालणार नाही. पुढच्याच महिन्यात दाखवली पण. सहा नंबरच्या फाईलमध्ये होतं "सर्व्हर एकच, म्हणून मेल क्रॉनवरून पाठवू" (क्रॉन म्हणजे प्रत्येक सर्व्हरवर ठरल्या वेळी आपोआप काम चालवणारं), तोवर सर्व्हर दोन झालेले आणि गिऱ्हाईकांना एकच मेल दोनदा जात होता. अकरा नंबरची फाईल त्यानेच लिहिली, सहा आपोआप 'सुपरसीडेड', म्हणजे नव्या निर्णयाने रद्द, म्हणून मार्क झाली (या शब्दाचं स्पेलिंग टूलमध्येच चुकलंय, एसच्या जागी सी, आमच्या टेस्टरला अजून चैन पडत नाही).

एक स्टार कापला कारण नवीन फाईल डिफॉल्टला थेट 'ॲक्सेप्टेड' म्हणूनच उघडते. आमच्या गड्याने एका शुक्रवारी संध्याकाळी कॅशिंगवर (वारंवार लागणारा डेटा हाताशी ठेवण्यावर) फाईल बनवून रेपोत ढकलली, सोमवारी बघतो तर आम्हाला न विचारताच निर्णय मंजूर! रेकॉर्डच्या फोल्डरमध्ये templates/template.md असं स्वतःचं टेम्प्लेट ठेवलं तर टूल ते वापरतं, त्यात 'प्रपोज्ड' (नुसतं सुचवलेलं) करून घ्या, हे पहिल्याच दिवशी करा.

वाद बंद झाले का? नाही, पण आता स्टँडअपला होत नाहीत, आणि कॅशिंगची ती फाईल आता प्रपोज्ड केलीय, ती अजून तशीच पडून आहे, वाचायची राहिलीय माझ्याकडून.