बाँडपट बघायला सुरुवात कुठून करावी? माझी क्रमवारी

जेम्स बाँड या ब्रिटिश हेराच्या मूळ मालिकेत १९६२ च्या 'डॉ. नो'पासून २०२१ च्या 'नो टाइम टू डाय'पर्यंत पंचवीस चित्रपट आहेत. ते सगळे क्रमाने बघायला बसलात तर मध्येच कंटाळाल. निवडून बघा. माझा निकष एकच: मार बसला की बाँडला दुखतं का? जिथे दुखतं, ते चित्रपट माझ्या यादीत वर.

पहिला क्रमांक 'कसिनो रॉयाल' (२००६), आणि त्याबद्दल माझ्या मनात शंका नाही. यातला बाँड नुकताच डबल-ओ, म्हणजे मारण्याचा परवाना असलेला हेर झालाय, चुकतो, हरतो. जिन्यातल्या जीवघेण्या मारामारीनंतरचा प्रसंग बघा. मोहिमेतली त्याची साथीदार व्हेस्पर भरजरी पोशाखात शॉवरखाली थरथरत बसलेली. बाँड अंगावरच्या कपड्यांनिशी तिच्याशेजारी जाऊन बसतो, थंडी वाजतेय का विचारतो आणि गरम पाणी वाढवतो. इतका हळवा बाँड मी दुसरीकडे पाहिलेला नाही. पोकरचा डाव लांबतो हे खरं, पण पत्ते न कळणाऱ्यालाही चेहऱ्यांवरून ताण कळतो.

त्याला खरी टक्कर देतो 'फ्रॉम रशिया विथ लव्ह' (१९६३). शॉन कॉनरीचा दुसराच बाँडपट. ओरिएंट एक्सप्रेसच्या डब्यात मारेकरी ग्रँट माशाबरोबर रेड वाइन मागवतो आणि तिथेच त्याचं सोंग उघडं पडायला लागतं. पुढे त्या अरुंद डब्यात दोघांची झुंज लागते, तीही पार्श्वसंगीताशिवाय. फक्त धापा, फुटणारी काच आणि गाडीचा खडखडाट. आजच्या मानाने पहिला अर्धा तास संथ वाटेल. वेग हवा असेल तर 'कसिनो'. हेरगिरीतली कपटं, डावपेच आवडत असतील तर बिनधास्त हा.

तिसरा 'ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस' (१९६९). जॉर्ज लेझनबीचा हा एकमेव बाँडपट, आणि तेवढ्यावरून लोक तो टाळतात याचं मला वाईट वाटतं. अभिनयात तो कॉनरीच्या जवळपासही नाही, पण नायिका डायना रिगने ती उणीव भरून काढलीय. स्वित्झर्लंडच्या बर्फातला पाठलाग सुरेख आहे. शेवट सांगत नाही. कुणी सांगू लागलं तर थांबवा.

'स्कायफॉल' (२०१२) अनेकांचा पहिला, माझा चौथा. रॉजर डीकिन्सचं छायाचित्रण बघून थक्क व्हायला होतं: शांघायच्या काचेच्या इमारतीत निऑनच्या निळ्या उजेडात लढणाऱ्या दोन काळ्या आकृत्या. पण खलनायकाची योजना फारच योगायोगांवर चालते.

'गोल्डफिंगर' (१९६४) पाचवा. अ‍ॅस्टन मार्टिन, लेझरचं टेबल, बाँड म्हटल्यावर जे जे आठवतं ते बहुतेक इथलं. गोठ्यातला तो जबरदस्तीचा प्रसंग मात्र मला आजही सहन होत नाही.

आपल्याकडे 'ऑक्टोपसी' (१९८३) आवर्जून बघितला जातो, कारण त्याचं बरंचसं चित्रण उदयपूरचं, शिवाय कबीर बेदी आणि विजय अमृतराज. विजयची पुंगी चक्क बाँडची धून वाजवते! कबीरचा गोविंदा तर मुख्य खलनायकापेक्षा जास्त धाक दाखवतो. पण निखाऱ्यांवरून चालणारे, खिळ्यांच्या शय्येवरचा साधू हे सगळं एकाच रिक्षाच्या पाठलागात कोंबलेलं बघून राग येतो. रॉजर मूरचा एकच बघायचा तर 'द स्पाय हू लव्ह्ड मी' (१९७७) घ्या. कड्यावरून स्कीसकट झेप आणि मग उघडणारं युनियन जॅकचं पॅराशूट, ती उडी स्टंटमन रिक सिल्व्हेस्टरने खरोखर मारली होती.

सर्वात खाली 'डाय अनदर डे' (२००२). अदृश्य गाडी आणि संगणकी लाटेवरचं सर्फिंग. पिअर्स ब्रॉस्ननचा बाँड हवा असेल तर 'गोल्डनआय' (१९९५) बघा. त्याचाही दिग्दर्शक 'कसिनो रॉयाल'वाला मार्टिन कॅम्पबेलच.

क्रमाचं म्हणाल तर जुने कसेही बघा, काही बिघडत नाही. डॅनियल क्रेगचे पाच ('कसिनो रॉयाल'पासून 'नो टाइम टू डाय'पर्यंत) मात्र ओळीनेच बघा. 'क्वांटम ऑफ सोलेस' (२००८) तर 'कसिनो रॉयाल' संपतो तिथूनच धावायला लागतो. दोन्ही एकाच सुट्टीत लागोपाठ बसवता आले तर उत्तम.